सेंटाचो प्रकल्प, फेब्रुवारी ते जून

१० फेब्रुवारी

दुबईचा दादा पंधरा दिवस राहून काल परत गेला आणि जाताना माझ्या हातात एक झिपवाली पिशवी देऊन गेला. आत काचेच्या आठ कुप्या, पाच-पाच मिलीच्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि त्यावर बॉलपेनने नाव. म्हणाला मोठ्या बाटल्या अंदाजाने घेण्यापेक्षा हे बरं, वापरून बघ, जो आवडेल तो सांग, पुढच्या खेपेला आणतो. माझ्या आयुष्यात सेंट म्हणजे आजवर लग्नाला जाताना दुसऱ्याच्या बाटलीतला फुकटचा एक फवारा, त्यामुळे आठ कुप्या बघून आधी घाबरलोच.

मग म्हटलं नीट करूया. माझं स्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, स्पेलिंग बरोबर आहे ना ते बघायला स्क्रीनकडे वाकतं आणि त्याचं नाक माझ्या कानापासून वीतभर असतं. वासाची परीक्षा घ्यायला वेंगुर्ल्यात याहून चांगली जागा नसेल.

नियम ठरवलेत. एका खेपेला एकच कुपी, दोनच फवारे, एक मानेला एक मनगटाला. कोणाला काही विचारायचं नाही. माणूस आपणहून जे बोलेल तेच लिहायचं आणि बोलला तसंच लिहायचं. दुकानाचा स्वतःचा वास पण लिहून ठेवतो म्हणजे हिशोब राहील: गरम टोनर, लॅमिनेशनचं प्लास्टिक, आणि वारा फिरला की मागच्या बाजूने सुके बांगडे.

१४ फेब्रुवारी

पहिली कुपी ४७११. हा आकडा म्हणजे जर्मनीतल्या कलोन शहरातल्या एका घराचा नंबर, फ्रेंच सैन्य तिथे होतं तेव्हा घरांना नंबर पडले त्यातला. कंपनी आपलं साल १७९२ सांगते. पण त्याच्याही आधी, १७०९ पासून, त्याच शहरात फारीना नावाच्या इटालियन कुटुंबाचं सुगंधी पाणी विकलं जात होतं आणि 'कलोनचं पाणी' हे नाव तिथून आलं. म्हणजे आपण ज्याला सरसकट कलोन म्हणतो ते मुळात गावाचं नाव, जसं आपल्याकडे देवगड म्हटलं की आंबा.

घरातच लावलं. लिंबू, संत्र्याची साल, थोडी रोझमेरी, एकदम थंडगार. बाहेर पडणार तेवढ्यात आजी खाटेवरून,

"कोणाक ताप इलोहा रे?"

मला आधी कळेना. मग आई हसायला लागली. युडीकोलन! लहानपणी ताप चढला की पाण्यात चार थेंब टाकून कपाळावर पट्टी ठेवायचे ते हेच. आजीच्या नाकात हा वास आजाऱ्याच्या खोलीचा म्हणून जो बसलाय तो बसलाय. तिने मला जवळ बोलावून कपाळाला हात लावून बघितला.

दुकान उघडेपर्यंत वास गायब. मोबाईलवर वेळ लावली होती, पंचवीस मिनिटं. यात सुगंधी तेलाचं प्रमाणच कमी, शंभरात दोन ते चार, आणि त्यातही लिंबू-संत्र्याचे वास सगळ्यात आधी उडणारे, त्यात आपली हवा. दिवसभरात शेरे: शून्य.

२० फेब्रुवारी

कूल वॉटर. १९८८ चं, पिएर बूर्दोंने केलेलं, आणि म्हणे समुद्राचा ताजेपणा. म्हटलं समुद्राचा वास तर समुद्रावरच तपासू, म्हणून संध्याकाळी बंदरावर गेलो. तिथे ओळखीचे एक काका जाळं दुरुस्त करत बसलेले, त्यांच्या शेजारी जाऊन टेकलो. दोन मिनिटं गप्प. मग मान वर न करता,

"न्हावन इलंस?"

हो म्हटलं. हे कसलं, म्हटलं याला समुद्राचा वास म्हणतात. नियम मोडला, मान्य. पण काका हातातली सुई थांबवून माझ्याकडे बघायला लागले, मग समुद्राकडे बघितलं, मग परत माझ्याकडे.

"असो वास येणारो समुद्र माका दाखय."

बरोबरच आहे त्यांचं. त्यांच्या अंगाला जो येत होता तो समुद्राचा वास, ओली दोरी, डिझेल, माशाची खवलं, ओहोटीचा चिखल. कूल वॉटरमधला जो मुख्य ताजेपणा आहे तो डायहायड्रोमर्सिनॉल नावाच्या रसायनाचा, आणि ते साबण-डिटर्जंटमध्येही भरपूर वापरतात, म्हणून आपलं नाक बरोब्बर न्हाणीघराकडे जातं. दुकानातही तेच. दोघांनी विचारलं नवीन साबण कुठला आणि एका बाईंनी विचारलं शर्ट लाँड्रीत देता काय.

वाईट म्हणत नाही मी. स्वच्छ दिसण्यासारखा स्वच्छ वास आहे, ऑफिसला चालेल. फक्त समुद्र म्हणू नये.

२६ फेब्रुवारी

अक्वा दी जिओ, १९९६. हाही समुद्रवालाच. सकाळी लावून जेमतेम शटर वर केलं तर शेजारचा चहावाला, "कलिंगड फोडलास काय? आमका नाय दिलंस."

गंमत म्हणजे तो शंभर टक्के बरोबर. या जातीच्या सेंटात कॅलोन नावाचं रसायन असतं, १९६६ मध्ये फायझर या औषध कंपनीत सापडलेलं, आणि त्याचं टोपणनावच कलिंगडाचं कीटोन. परदेशी माणसाला त्यात समुद्राची झुळूक दिसते. आपल्याकडे आत्ता भात कापलेल्या मळ्यांत कलिंगडं लागलीयत, रस्त्याकडेला ढीग आहेत, चहावाल्याला दुसरं काय आठवणार. बायकोला मात्र आवडला. म्हणाली हा ठेवा. (पहिली पसंती म्हणून खूण केली.)

५ मार्च

आज लाज गेली. सविस्तर लिहितो.

प्रिंटरचा एक पार्ट कोल्हापूरला मिळणार होता म्हणून सकाळची एसटी. कुपी वन मिलियन, २००८ चं, सोन्याच्या विटेसारखी बाटली असते म्हणे तिची. दालचिनी, गोड, चामडं, एकदम लग्नाचा हॉल. पहाटे दोन फवारे मारले, नियमाप्रमाणे. सावंतवाडी येईपर्यंत मला काहीच वास येईना. मला वाटलं उडाला ४७११ सारखा, म्हणून बसमध्येच अजून तीन मारले. पुढे दाणोली गेली, तरी मला नाही, म्हणून अजून एक.

नाकाचं असं असतं की एकच वास सतत आला की ते त्याची दखल घेणं सोडून देतं. घरचा वास घरच्याला येत नाही तो त्यामुळेच. म्हणजे वास गेलेला नव्हता, माझं नाक उठून गेलेलं. हे मला आता माहितीये. तेव्हा आंबोली घाट सुरू झाला होता.

पुढच्या सीटवर एक बाई, मुठीत अर्धं कापलेलं लिंबू, ज्यांना गाडी लागते त्या घेतात तसं. वळणावळणाला लिंबू नाकाला. तिसऱ्या की चौथ्या वळणाला त्या लिंबू नाकाला लावूनच मागे वळल्या, बस कुठल्या दिशेने वळतेय याचं भान नाही, आणि फक्त डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं नाही कारण उघडलं असतं तर काय झालं असतं ते त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. मी खिडकी उघडायला गेलो तर काच अडकलेली. कंडक्टर आला, एकदा हुंगलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही मागे जा. अगदी मागे." अख्खी बस बघतेय, मी पिशवी घेऊन शेवटच्या बाकावर. तिथे दोन कॉलेजची पोरं होती, ती उठून पुढे गेली.

आंबोलीला चहासाठी गाडी थांबली तेव्हा नळावर मान घासून धुतली. त्या बाई उतरून दगडावर बसलेल्या. मी लांबूनच हात जोडले. त्यांनी लिंबू हलवलं, म्हणजे माफ केलं की अजून लांब जा हे कळलं नाही.

नियमात भर: वास आपल्याला येत नाही म्हणून परत मारायचा नाही. कधीच नाही. आणि वन मिलियन बंद. थंडीत, उघड्या अंगणात, कोणाच्या तरी हळदीला ठीक असेल.

१७ मार्च

मधे दहा-बारा दिवस काहीच लावलं नाही, शिमग्याची गडबड आणि खरं सांगायचं तर एसटीची धास्ती.

आज सोवाज. दादाच्या चिकटपट्टीवर 'सावेज' लिहिलंय. डिओरचं, २०१५ चं. (यांचंच १९६६ चं ओ सोवाज म्हणून दुसरं आहे, ते वेगळं, दुकानदारसुद्धा गोंधळतात.) सुरुवातीला मिरीसारखं झणझणीत आणि मग मागे एक कोरडा, खारट, लाकडी वास जो संध्याकाळपर्यंत हलत नाही. तो अँब्रॉक्सॅन नावाच्या रसायनाचा.

सकाळी बाजारात गेलो. सुरंगीचा मोसम आहे, आरवली-आसोलीकडच्या बायका वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे, घेऊन बसतात. बायकोने सांगितलेलं दोन आण म्हणून. त्यातली एक म्हातारी, केळीच्या पानावर पिवळेधम्मक वळेसर गुंडाळून ठेवलेले, वर ओलं फडकं. सुरंगी कळीतच काढावी लागते, उन्हं वर यायच्या आत, फूल उमललं की वास पसरून मोकळा. मी भाव विचारायला वाकलो तर तिने फडकं पटकन परत झाकलं.

"जरा थयसर रव रे बाबा. माझ्या सुरंगेचो वास मरता."

गिऱ्हाईकाला लांब उभं करणारी विक्रेती मी पहिल्यांदा बघितली. चार हात लांबून पैसे पुढे केले, तिने पान शेजारणीच्या हातून पाठवलं. आणि खरंच, घरी आणेपर्यंत पान माझ्या हातात होतं तर मला सुरंगी येतच नव्हती, नुसता सोवाज. बायकोने केसात माळली, मी आंघोळ करून आलो, तेव्हा कुठे घरभर सुरंगी. लांबून भुंगे आणणारा तो वास, आणि माझ्या एका फवाऱ्याने त्याला गप्प केलं. मला काही फार अभिमान वाटला नाही.

१९ मार्च

सोवाज चालू. दुकानात सातबारा काढायला आलेला एक मित्र म्हणाला भारी वास रे, कितीचा. पहिला सरळ शेरा! खूश होऊन मी त्याला अँब्रॉक्सॅन समजावत बसलो. अंबरग्रीस माहितीये ना, म्हटलं, पेपरात दर थोड्या दिवसांनी येतं बघ व्हेलच्या उलटीसह अमुक जण ताब्यात, आपल्या किनाऱ्यावरच्या पण बातम्या असतात. ती स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते, उलटी नुसतं म्हणतात. पूर्वीचे अत्तरवाले वास टिकायला ती वापरायचे. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आपल्याकडे ती बाळगणं, विकणं गुन्हा आहे आणि सेंटात त्याऐवजी झाडपाल्यापासून कारखान्यात बनवलेलं अँब्रॉक्सॅन घालतात.

तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मगे तू काय उलटी लावन बसलंस?" आणि स्टूल मागे घेतलं. दुपारपर्यंत बाजारात बातमी फिरली. संध्याकाळी चहावाला लांबूनच, "उलटी शिल्लक आसा काय रे?"

जास्त माहिती देणं हा पण वासाचा शत्रूच.

२ एप्रिल

दादाच्या पिशवीबाहेरचं, पण तुलनेला म्हणून आज बाबांची ओल्ड स्पाइस, दाढीनंतरची. अमेरिकेत पुरुषांसाठी ती १९३८ ला आली. आमच्या घरात बाबांच्या लग्नापासून. ते ती रोज लावत नाहीत, तहसीलदाराकडे किंवा बँकेत जायचं असेल तरच.

साडेनऊला लावली. अकरापर्यंत तीन माणसांनी दुकानाच्या दारात येऊन आत न बघताच विचारलं,

"भाई खय आसत?"

भाई म्हणजे बाबा. चौथा तर आत येऊन मागच्या खोलीत डोकावून आला. मी समोर बसलेला असताना! एका आजोबांनी तर, भाईंनी बोलावलं म्हणून सांग, असा उलटा निरोप ठेवला. दुपारी बाबांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत पण संध्याकाळी बाटली मोरीवरच्या फळीवरून कपाटात गेलेली दिसली.

२१ एप्रिल

ब्रूट. १९६४. ज्या कुळातला हा वास त्याला फ्रेंचमध्ये फूजेर म्हणजे नेचा म्हणतात, १८८२ च्या एका सेंटावरून, पण नेच्याला मुळात फारसा वासच नसतो, सगळी कल्पना. त्यातला खरा माल कुमरिन, सुकलेल्या गवताचा वास. बाकी लव्हेंडर वगैरे.

माळ्यावर हापूसची पहिली आढी घातलीय. मी ब्रूट लावून खाली पंख्यासमोर बसलेलो, आईने दोनदा वर जाऊन पेंढा उलथून आंबे बघितले. "वास तर सुटलो, अजून कडक कशे?" मी गप्प. नियम म्हणजे नियम.

तिसऱ्यांदा शिडी चढायला लागली तेव्हा सांगितलं. त्यानंतरचे शेरे लिहिण्यासारखे नाहीत.

२४ मे

घरात चाकरमानी भरलेत, दहा माणसं, एक न्हाणी. सेंटाची खरी गरज आत्ता आहे आणि वेळ नाही. मुंबईच्या पुतण्याने न विचारता अक्वा दी जिओ संपवलं. बायको त्याच्याशी अजून नीट बोलत नाहीये.

आज सातवी कुपी, मिट्टी अत्तर. हे विलायती नाही, कनौजचं. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगेत पाण्यासोबत चढवतात आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, जिथे चंदनाचं तेल असतं, त्यात ती मुरते. पहिल्या पावसाच्या वासाला पेट्रिकोर हा शब्द दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ ला दिला आणि त्यांनीही या अत्तराची दखल घेतलेली. म्हणजे ज्याला त्यांनी नाव दिलं ते कनौजवाले आधीपासून बाटलीत भरत होते.

फवारा नाही याला, काडीने मनगटावर एक थेंब. दुपारी जेवणं होऊन सगळे आडवे झालेले. अंगणात कोकमाची सोलं चार सुपं, फणसाचे पापड दोन चादरी. आकाश जरा कोंदलेलं होतं, वळवाचं काही खरं नसतं, पण पाऊस नव्हता. मी पडवीत थेंब लावला आणि वाऱ्याच्या बाजूला बसलो, एवढंच.

आतून काकूचा आवाज, "पाऊस इलो गे!" आणि पुढच्या मिनिटाला अख्खं घर अंगणात. आई, काकू, दोन्ही वहिन्या, झोपेतून उठवलेली पोरं, एकेकाच्या डोक्यावर सूप, चादरीची चार टोकं चौघींनी धरलेली, पापड एकावर एक. आजीसुद्धा काठी टेकत दारापर्यंत. मग सगळ्या थांबल्या आणि वर बघायला लागल्या. मग जमिनीकडे. कोरडी.

काकूने हवेत परत नाक फिरवलं, आणि ते हळूहळू माझ्या दिशेला आलं.

अर्ध्या पापडांचा लगदा झालेला. संध्याकाळी मला परत लाटायला बसवलं. हातालाच वास, त्यामुळे पापडांना पण लागला असणार, पावसात तळल्यावर कळेल.

७ जून

मृग. पाऊस काल रात्रीच लागला. खरा वास आणि अत्तर ताडून बघितलं: अत्तरात चंदन जास्त आणि माती भांड्याची, आपला वास जांभ्याचा, लोखंडी, थोडा शेणाचा. तरी काकू फसली ते बरोबरच होतं.

११ जून

शेवटची. तेर दर्मेस, २००६, जाँ-क्लोद एलेनाचं. संत्र्याची साल, मिरी, गारगोटीवर गारगोटी घासल्यासारखं काहीतरी, आणि खाली व्हेटिव्हर. व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळा. हा शब्दच मुळात तमिळमधून तिकडे गेलाय.

चार दिवस लावतोय, कोणी अक्षर बोललं नाही. पावसाळी हवेत जड वास अंगावर येतात, हा येत नाही, शर्टाच्या आतच राहतो. मला स्वतःला हा सगळ्यात आवडला पण ते मोजायचं नाही असं ठरलेलं.

आज दुपारी निवृत्त गुरुजी आले, मला चौथीला शिकवायला होते, पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स हवी होती. लाईट गेलेली, म्हटलं बसा. पाऊस मुसळधार, दुसरं गिऱ्हाईक नाही. बसून राहिले स्टुलावर. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"शाळेत मडकं होतं आपल्या, आठवतं? त्यात मी वाळा टाकायचो. तुम्ही पोरं पाणी पिताना तो बाहेर काढून चावायचात."

मला आठवत होतं. पण मी विचारलं आज कसं आठवलं. त्यांनी खांदे उडवले, माहीत नाही म्हणाले, पाऊस बघून असेल. मी मनगट टेबलाखाली घेतलं. लाईट आली, दोन प्रती काढल्या, पैसे नको म्हटलं तर ऐकेनात, चार रुपये मोजून ठेवून गेले.

१५ जून

दादाचा फोन, पुढच्या महिन्यात येतोय, सांग कुठली बाटली. मी वही उघडली. शेरे: उलटी, साबण, कलिंगड, पाऊस, आंबे आणि बाबा. सरळ 'छान वास' म्हणणारा एकच आणि त्यानेही नंतर स्टूल मागे घेतलं. बायकोला अक्वा दी जिओ हवंय, पुतण्यापासून लपवून. मला तेर दर्मेस, परवडलं तर.

फोनवर बोलतोय तोवर आजीने खाटेवरून हात केला. तिच्या उशाखाली ४७११ ची कुपी, रिकामी. फेब्रुवारीपासून शोधत होतो मी ती. डोकं धरलं की रुमालावर दोन थेंब, म्हणे, गोळीपेक्षा बरं.

"तेका सांग, माझ्यासाठी मोठी हाड. आणि तुझी ती बाकीची नकोत, ती वासतत."

दादाला सांगितलंय. ४७११, सगळ्यात मोठी मिळेल ती.